या फोटोत किती पाणी वाहून गेलं?

धबधब्याचा रेशमी फोटो, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) बराच वेळ उघडं ठेवून काढलेला ‘लाँग एक्स्पोजर’, समोर आला की काहीजण ‘वा, काय सुंदर!’ म्हणतात आणि पुढचा फोटो उघडतात. काहीजण अशा फोटोंना अक्षरशः पाण्यात पाहतात. पाणी असं कधी दिसतं का, हा तर कापूस पिंजून पसरलाय, एक पाहिला की सगळे पाहिले, वगैरे. मी बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो, आणि त्या गटाचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं मला आजही वाटत नाही. यातले पुष्कळ फोटो खरोखर एकाच साच्यातून निघालेले असतात. पण जे तसे नसतात ते ओळखायचे कसे? त्यासाठी फोटोकडे एका ठरावीक क्रमाने पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. तो क्रम इथे मांडतो आहे. कॅमेरा हाताळता येत नसेल तरी हरकत नाही, लेख पाहणाऱ्यासाठी आहे. काढणाऱ्याच्याही उपयोगी पडला तर चांगलंच.

आधी थोडी पूर्वतयारी

आपण ‘क्षण टिपला’ म्हणतो तेव्हा शटर बहुधा सेकंदाच्या शंभराव्या-दोनशेव्या भागापुरतं उघडलेलं असतं. लाँग एक्स्पोजरमध्ये ते अर्धा सेकंद, तीस सेकंद, कधी पाच-दहा मिनिटं उघडं राहतं. या सगळ्या वेळात प्रकाश टिपणारा सेन्सर किंवा फिल्म एकच काम करते, ते म्हणजे बेरीज. फ्रेममधल्या प्रत्येक ठिपक्यावर येईल तेवढा प्रकाश साठत जातो. कोणता आधी आला आणि कोणता नंतर, याची नोंद कुठेच राहत नाही.

या बेरजेत उजेडाचं पारडं जड असतं. समजा, ओल्या काळ्या खडकापेक्षा फेस आठपट उजळ आहे. एका जागी तो फेस एकूण वेळाच्या फक्त चौथा भाग होता, उरलेला पाऊण वेळ तिथे खडकच उघडा होता. तरीही त्या जागेची सरासरी खडकाच्या पावणेतीनपट उजळ भरते. अधूनमधून येऊन जाणारा फेस, कायम हजर असलेल्या खडकाला झाकून टाकतो. पाणी दुधाळ का दिसतं याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं बुडबुड्यांत आहे. फेसातले असंख्य बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश विखुरतात, म्हणून फेस पांढरा. ज्या पाण्यात हवा कालवली गेलेली नाही ते शटर कितीही वेळ उघडं ठेवा, दुधाळ होणार नाही. संथ डोहात आकाशाचा किंवा तळाचा रंगच दिसत राहील, फक्त गुळगुळीत झालेला.

याच्या उलट, जे हलतं आहे आणि फारसं उजळ नाही ते पुसलं जातं. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याने पॅरिसच्या बुलेव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचा फोटो उंचावरून घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. भर वर्दळीचा तो रस्ता फोटोत ओस पडलेला दिसतो, कारण चालती माणसं आणि गाड्या कुठेच पुरेशा थांबल्या नाहीत. टिकला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला माणूस. काठावरून फिरणारे पर्यटक तीस सेकंदांच्या फोटोतून नाहीसे होतात ते याच न्यायाने.

मऊ पाणी ही आजकालची टूम आहे असं अनेकांना वाटतं. एकोणिसाव्या शतकात तो नाइलाज होता. अमेरिकन फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स १८६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या खोऱ्यात, फिल्मऐवजी तेव्हा वापरत त्या, साधारण १८ बाय २२ इंचांच्या प्रचंड काचा घेऊन गेला. ओल्या कोलोडियनच्या (प्रकाश टिपणाऱ्या रसायनाचा ओला थर दिलेल्या) त्या काचा प्रकाशाला इतक्या मंद होत्या की पाणी पांढरं आणि मऊ येण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. त्या काळात अप्रूप होतं ते पाणी थांबवण्याचं. फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ मध्ये फ्रान्समधल्या सेत इथे फुटती लाट पकडली. समुद्राला आणि आकाशाला वेगवेगळं एक्स्पोजर लागतं म्हणून त्या चित्रात त्याने दोन निगेटिव्ह जोडल्या होत्या. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकन अभियंता हॅरॉल्ड एजर्टन याने दुधाच्या थेंबाचा उसळलेला मुकुट गोठवून दाखवला. आज दोन्ही टोकं फोटोग्राफरच्या हातात आहेत. म्हणूनच जो प्रश्न वॉटकिन्सला विचारण्यात अर्थ नव्हता तो आज विचारता येतो: एवढाच वेळ का?

पायरी पहिली: पाणी हाताने झाका

खरंच झाका. पडद्यावर असेल तर तळहात धरा, छापील असेल तर कागदाचा तुकडा ठेवा. आता काय उरलं? खडक, काठ, झाडं, आकाश, एखादा ओंडका. उरलेलं चित्र स्वतःच्या पायावर उभं आहे का?

लाँग एक्स्पोजरमध्ये पाण्याचा तपशील निघून जातो. लाटांचे कंगोरे, थेंब, तरंग, सगळं जातं. जे चित्र आधी गजबजलेलं होतं त्यात मोठमोठ्या मोकळ्या जागा तयार होतात, आणि मग न हलणाऱ्या वस्तूंवर सगळा भार येतो. खडकांची मांडणी विस्कळीत असेल तर ती आता लपत नाही. साच्यातले फोटो इथेच गळतात. पाणी झाकल्यावर त्यांच्यात कुठे तरी पडलेले दगड आणि एक कललेलं क्षितिज एवढंच उरतं.

याच पायरीत स्थिर गोष्टी खरोखर स्थिर आहेत का तेही पाहून घ्या. खडकाची कड, दगडावरचं शेवाळ, भेगा हे कातीव हवं. पाण्याच्या मऊपणाला अर्थ येतो तो शेजारच्या टणकपणामुळे. सगळ्याच कडा दुहेरी किंवा मऊ असतील तर ट्रायपॉड हलला. लाट पायाशी येऊन वाळू खचली की तो नकळत बसतो, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो आहे. झाडाची पानं तेवढी फिसकटलेली आणि खोड स्पष्ट असेल तर तो वारा. पुष्कळ जण त्याला चूक मानतात, मी मानत नाही. पाणी वाहतंय आणि पानं मात्र प्लॅस्टिकसारखी निश्चल, हे मला जास्त खटकतं.

पायरी दुसरी: सेकंद ओळखा

फोटोखाली लिहिलेलं शटर स्पीड आधी वाचू नका. अंदाज बांधा, मग पडताळा. पंधरा-वीस फोटोंनंतर डोळा तयार होतो. हा नुसता खेळ आहे असं वाटेल, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

धबधब्यापासून सुरुवात करू. कडा २० मीटर उंच असेल तर वरून सुटलेलं पाणी साधारण दोन सेकंदांत खाली पोचतं, आणि हवेचा अडथळा बाजूला ठेवला तर तळाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर झालेला असतो. म्हणजे तळाजवळचा थेंब १/१००० सेकंदात २ सेंटिमीटर सरकतो आणि पाव सेकंदात जवळजवळ ५ मीटर. पण तोच थेंब कड्यावरून सुटताना, पहिल्या पाव सेकंदात, जेमतेम ३० सेंटिमीटर पडतो. त्यामुळे पाव सेकंदाच्या फोटोत धबधब्याच्या माथ्याशी पाण्याचे पदर, गाठी, झिरमिळ्या ओळखू येतात आणि खाली त्यांचं रेशीम झालेलं असतं. एकाच फोटोत वरून खाली वेग वाढत गेलेला दिसतो. माथ्यापासून तळापर्यंत एकसारखी पांढरी पट्टी दिसली तर समजा की शटर चांगलं एक-दोन सेकंद किंवा त्याहून जास्त उघडं होतं. अंतराचाही हिशेब धरा. समोरचा धबधबा लांबवर, फ्रेममध्ये बोटभर असेल तर तेच ५ मीटर अगदी छोटे दिसतील.

ओढ्याच्या पाण्यासाठी माझी ढोबळ मोजपट्टी अशी आहे. १/५०० किंवा त्याहून कमी वेळात थेंब मण्यांसारखे सुटे दिसतात. १/६० ते १/३० हा धड ना गोठलेला, धड ना वाहता असा पट्टा. इथलं पाणी बहुतेक वेळा फोकस चुकल्यासारखं वाटतं. १/८ ते १/२ मध्ये पाण्याला तंतू फुटतात, पण अंग शाबूत राहतं, त्याला वजन आहे हे कळतं. एक ते चार सेकंदांत तंतू एकमेकांत मिसळून वस्त्र होतं. दहा सेकंदांच्या पुढे पाणी दिसेनासं होऊ लागतं आणि त्याच्या वाटा दिसू लागतात. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

समुद्राचं गणित लाटांच्या लयीवर चालतं. लांबून आलेल्या मोठ्या लाटांमध्ये बहुधा ८ ते १५ सेकंदांचं अंतर असतं. म्हणून अर्ध्या ते दोन सेकंदांच्या फोटोत एकाच लाटेची एकच हालचाल असते. परतणारं पाणी वाळूवर आणि दगडांभोवती ज्या लांब पांढऱ्या रेघा ओढतं त्या याच वेळात सापडतात. तीस सेकंदांत दोन ते चार लाटा एकमेकींवर चढतात आणि खडकांभोवती धुकं साचल्यासारखं दिसतं. चार मिनिटांत सोळा ते तीस लाटा येऊन गेलेल्या असतात आणि समुद्राची फरशी होते. यानंतर वेळ दुप्पट केला तरी समुद्रात फारसा फरक पडत नाही, कारण सरासरी तिथे स्थिरावलेली असते. फरक पडतो तो ढगांत. समुद्र सपाट असताना ढगांचे फक्त पुंजके विस्कटलेले असतील तर वेळ मिनिटभराच्या आतबाहेर. ढगांच्या फ्रेमभर लांब रेघा झाल्या असतील तर मिनिटं मोजा.

चंद्र फ्रेममध्ये असेल तर तो घड्याळच आहे. आकाशात तो स्वतःच्या व्यासाएवढं अंतर साधारण दोन मिनिटांत कापतो. समुद्राची फरशी झालेली आणि वर चंद्र मात्र वाटोळा गरगरीत, असं दिसलं तर ते दोन वेगवेगळे फोटो जोडलेले आहेत. जोडले म्हणून पाप झालं असं नाही, ल ग्रेनेही जोडलेच होते. पण ओळखता आलं पाहिजे.

भर दिवसा एवढा वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होणार, म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे करड्या रंगाची काच लावतात. ढगाळ उजेडात बिनफिल्टरचं शटर १/६० येत असेल तर ३ स्टॉपच्या काचेने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, वेळ दुप्पट) ते १/८ होतं, ६ स्टॉपच्या काचेने सुमारे एक सेकंद, आणि १० स्टॉपच्या काचेने सुमारे १७ सेकंद. पाहणाऱ्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट एवढीच की सेकंदांची निवड अपघाताने होत नाही. काच बॅगेतून काढून, मोजून, लावलेली असते.

पायरी तिसरी: पाण्याची वाट वाचा

माझ्या मते या प्रकारच्या फोटोंचं खरं मोल या पायरीत आहे, त्यामुळे इथे रेंगाळणार आहे.

ओढ्यात बुडालेल्या दगडाच्या मागे पाण्याचा एक उंचवटा तयार झालेला असतो. नीट पाहिलंत तर तो उंचवटा जागचा हलत नाही. त्यातलं पाणी प्रत्येक क्षणी बदलतं, आकार तोच राहतो. दगडामागचा भोवरा, दोन खडकांमधली घसरती जीभ, डोहाच्या कडेने उलटा फिरणारा प्रवाह, हे सगळे असेच. डोळ्यांना हे जाणवतं पण नीट दिसत नाही, कारण वरवरची खळखळ, चमचम आणि तुषार लक्ष खेचून घेतात. शटर उघडं राहिलं की क्षणाक्षणाला बदलणारं सगळं बेरजेत विरघळतं आणि जागेवर टिकणारं तेवढं साकारतं. पाणी निघून जातं, पण त्याचा आकार मागे राहतो. लाँग एक्स्पोजर ‘हालचाल दाखवतं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरंच आहे, पण चांगल्या फोटोत मला त्याहून जास्त दिसतं ते हालचालीतलं न हलणारं.

लिओनार्दो दा विंचीने १५१० च्या आसपास काढलेल्या पाण्याच्या रेखाटनांत, अडथळ्याला वळसा घालणारं पाणी केसांच्या पेडांसारखं गुंफलेलं दिसतं. त्याच्याजवळ कॅमेरा नव्हता. नजर मात्र काहीशी लाँग एक्स्पोजरची होती, कारण एका क्षणात तसं पाणी कधीच दिसत नाही. त्याने तासन्‌तास पाहिलेलं एकत्र करून कागदावर उतरवलं. १९०४ च्या सुमारास जर्मन अभियंता लुडविग प्रांटल याने पाण्याचा एक लांबट हौद बांधून त्यात अभ्रकासारखे चमकदार कण सोडले, ते प्रवाहाची वाट डोळ्यांना दिसावी म्हणूनच. अशा कणांचा किंचित लांब एक्स्पोजरने फोटो घेतला तर प्रत्येक कणाची छोटी रेघ उमटते. रेघेच्या लांबीला वेळाने भागलं की वेग मिळतो.

हीच युक्ती निसर्गातल्या फोटोवर चालवून पाहा. प्रवाहात फेसाचे ठिपके किंवा गळलेली पानं असतील तर त्यांच्या रेघा शोधा. मध्यभागी लांब आणि काठाशी आखूड रेघा दिसल्या तर पाणी मध्ये वेगात आणि कडेला संथ आहे. डोहात फेसाची पूर्ण वर्तुळं उमटली असतील तर शटर उघडं असताना फेसाने निदान एक फेरी पुरी केली. वर्तुळाऐवजी अर्धा कंस असेल तर वेळ पुरला नाही, किंवा भोवरा आळशी आहे. बोटाने प्रवाहाची वाट फोटोवर गिरवा: पाणी कुठून शिरलं, कुठे आपटलं, कुठे फाटलं, कुठे पुन्हा मिळालं, कुठे अडकून बसलं. चांगल्या फोटोत ही वाट तुमच्या नजरेची वाट होते आणि फ्रेममध्ये तुम्हाला पोचायचं तिथे आणून सोडते. साच्यातल्या फोटोत बोट एका पांढऱ्या गोळ्यापाशी अडतं आणि पुढे जायला जागाच नसते.

पायरी चौथी: पांढऱ्यात उतरा

पाण्याचा सर्वांत उजळ भाग निवडा आणि तिथेच थांबा. त्या पांढऱ्यात काही आहे का? निळसर छटा, करडे पदर, पोताची पुसट खूण? की कोरा कागद? फेस आधीच उजळ, त्यावर बेरीज, म्हणून या फोटोंत पांढरा रंग फार लवकर जळतो. जळलेला पांढरा कागदावर छापला की भोक पडल्यासारखा दिसतो. एखाददुसरा ठिपका जळला तर चालतं. अख्खा धबधबा जळला असेल तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

ढगाळ दिवस, सूर्योदयापूर्वीचा आणि सूर्यास्तानंतरचा निळा प्रहर हे या फोटोंना लाभतात त्याचं कारणही हेच. उजेड मवाळ असतो, फेस आणि खडक यांच्यातलं अंतर आटोक्यात राहतं, आणि अंधूक असल्यामुळे वेळ आपोआप लांबतो.

पायरी पाचवी: पाणी आणि दगड जिथे भेटतात ती रेघ

आता नजर कडेवर आणा. खडकाच्या अंगावर पाणी जिथपर्यंत चढलं तिथे कातीव सीमा आहे की हळूहळू विरत जाणारा पट्टा? विरता पट्टा म्हणजे पाण्याच्या चढउताराची उंची. जिथे पाणी सतत होतं तिथे दाट पांढरं, जिथे अधूनमधून आलं तिथे विरळ, जिथे एखादीच लाट पोचली तिथे नुसती झाक. समुद्राच्या फोटोतलं ‘धुकं’ ते हेच. खरं धुकं नाही, लाटांच्या हजेरीचा तक्ता आहे. पट्टा जितका रुंद तितका समुद्र खवळलेला होता.

यातून एक गंमत निघते. शांत, धूसर, ध्यानस्थ वाटणारा समुद्राचा फोटो बहुधा खवळलेल्या दिवशी काढलेला असतो. खरोखर शांत समुद्राच्या फोटोत धुकं येतच नाही. तेव्हा असा फोटो पाहताना मागचा गडगडाट मनात ऐकून पाहा. काही फोटोंना त्याने एकदम धार येते, आणि काही फोटो चक्क अप्रामाणिक वाटायला लागतात. रोरावत्या पाण्याला पावडर लावून बसवलंय असं वाटतं.

पायरी सहावी: चमक आणि प्रतिबिंब

संथ पाण्यावर बारीक तरंग असले की डोळ्यांना प्रतिबिंब तुकड्यातुकड्यांत दिसतं. लांब एक्स्पोजरमध्ये तरंगांची सरासरी होऊन प्रतिबिंब परत येतं, पण उभ्या दिशेने ताणलेलं आणि मऊ. आरशासारखं कातीव प्रतिबिंब दिसलं तर पाणी मुळातच निवांत होतं, त्याचं श्रेय शटरला देऊ नका.

ओल्या दगडांवरची चमक बघा. ती पूर्ण गायब असून तळाचे गोटे स्पष्ट दिसत असतील, पानांची हिरवाई दाट असेल, तर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, वापरलाय. पाण्यावर लंबापासून साधारण ५३ अंशांचा कोन साधला तर परावर्तित चमक जवळजवळ सगळी कापता येते. पण तशी कापली तर दगड कोरडे दिसतात, पाण्याचा ओलेपणा हरवतो. थोडी चमक ठेवलेले फोटो मला जास्त ओले वाटतात. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण फरक शोधल्याशिवाय मत बनवू नका.

पायरी सातवी: दुसरा वेळ लावून बघा

डोळे मिटून तोच फोटो १/१००० सेकंदात कल्पना करा. मग तीस सेकंदांत. मग चार मिनिटांत. समोरचा फोटो या तिघांपेक्षा काय जास्त सांगतो?

वेळ वाढवला की काही गोष्टी हाती येतात आणि काही निसटतात. निसटणाऱ्यांत पहिला क्रमांक वजनाचा. दरीत कोसळणारं टनावारी पाणी दोन सेकंदांत पदरासारखं हलकं होतं. पुराचा, वादळाचा, प्रचंड प्रपाताचा फोटो रेशमी केला तर त्याची ताकद निघून जाते. अशा ठिकाणी १/१५ ते १/४ चा वेळ बहुधा जास्त बोलका, कारण वेग दिसतो आणि आघातही उरतो. दुसरं निसटतं ते प्रमाण. लाट पुरुषभर होती की वीतभर, हे सपाट समुद्रात कळत नाही. म्हणून चांगले फोटोग्राफर एखादा खांब, बुरूज, झाड असं काही ठेवतात, ज्यावरून माप घेता येईल.

हाती काय येतं ते पाहायचं तर इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मायकेल केन्नाचे कृष्णधवल फोटो बघावेत. चौकोनी चौकट, रात्र किंवा पहाट, काही एक्स्पोजर तर दहा तासांपर्यंतची. पाण्यात रोवलेले काही खांब, एक किनारा, आणि मध्ये पाण्याच्या जागी निव्वळ राखाडी अवकाश. तिथे पाण्याचं वजन गेल्याची तक्रार करावीशी वाटत नाही, कारण त्याला पाणी दाखवायचंच नव्हतं, खांबांमधली शांतता दाखवायची होती. फिल्मवर असं काम करणं किती चिकाटीचं आहे तेही जाता जाता सांगतो. मंद प्रकाशात फिल्म सुस्तावते. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मला प्रकाशमापकाने १० सेकंद सांगितले तर ५० द्यावे लागतात, आणि १०० सांगितले तर १२००, म्हणजे वीस मिनिटं.

या पायरीवर ‘दुसरा कोणताही वेळ चालला असता’ असं उत्तर आलं तर फोटो सजावटीचा आहे. भिंतीवर लावायला छान, पण परत परत पाहायला काही नाही.

पायरी आठवी: खोट ओळखा

ही झटपट उरकतो. सगळ्या फोटोवर तपकिरी किंवा जांभळट झाक असेल तर ती बहुधा स्वस्त एनडी काचेची. आकाशात फुलीसारखा काळपट ठसा असेल तर बदलत्या गडदपणाचा फिल्टर रुंद भिंगावर फार फिरवलाय. मधोमध धूसर उजळ डाग असेल तर व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या खिडकीतून) प्रकाश आत शिरला. गडद भागात लाल-निळे सुटे ठिपके दिसले तर सेन्सर तापला. सगळं कातीव असायला हवं तिथे एक प्रकारचा सार्वत्रिक मऊपणा असेल, तर एनडी काच जवळ नव्हती म्हणून अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं छिद्र, एफ/२२ या अगदी बारीक मापापर्यंत मिटवलं असावं. फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो.

फोनवरच्या ‘लाँग एक्स्पोजर’मध्ये बहुतेक वेळा शटर लांब वेळ उघडलेलंच नसतं. अनेक छोट्या फ्रेम्स घेऊन त्यांची सरासरी काढलेली असते. आयफोनवर २०१७ पासून तीन सेकंदांच्या लाइव्ह फोटोवरून (फोटोसोबत टिपलेल्या छोट्या हालत्या दृश्यावरून) हा परिणाम साधता येतो. बेरीज तीच, म्हणून तत्त्वतः तक्रार नाही. उलट सरासरीमुळे फोटोतले दाणे कमी होतात. फक्त फ्रेम्सच्या मध्ये फट राहिली तर सलग रेघेऐवजी तुटक पायऱ्या दिसतात. संगणकावर नुसतं पुसून मऊ केलेलं पाणी मात्र वेगळं. त्यात वाट नसते. तिसऱ्या पायरीप्रमाणे बोटाने गिरवायला जा, प्रवाह दगडाला वळसा न घालता सरळ आरपार गेलेला सापडेल.

पायरी नववी: नळाखाली सराव

वाचून जेवढं कळेल त्याच्या कितीतरी पट एका नळाखाली कळेल. खिडकीजवळच्या, भरपूर उजेडाच्या जागेतला नळ घ्या. फोनच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड हाताने ठरवायची सोय नसेल तर तशी देणारं अ‍ॅप टाका, आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवा, हातात धरू नका.

नळ अगदी हळू उघडा, धार काचेच्या कांडीसारखी दिसेपर्यंत. १/१००० चा एक फोटो आणि अर्ध्या सेकंदाचा एक. उजेड जास्त झाला तर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) खाली आणा, तरी फोटो पांढरा येत असेल तर संध्याकाळची वाट पाहा. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवा. धारेचा वरचा भाग दोन्हींत जवळजवळ सारखाच दिसेल. पाणी वाहतंय, पण आकार स्थिर आहे, त्यामुळे शटरला सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही.

मग नजर खाली न्या. धार पडता पडता बारीक होत जाते आणि एका जागी तिचे थेंब होतात. १/१००० च्या फोटोत तिथे सुटे मणी असतील. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत त्याच जागी कांडीची चकाकी संपून तिच्याऐवजी धुरकट, किंचित रुंद दोरी सुरू झालेली दिसेल. नळ थोडा जास्त-कमी करून ही जागा वरखाली सरकवता येते. ती नेमकी कुठे आहे ते लांब एक्स्पोजरच्या फोटोत बोट ठेवून सांगता यायला लागलं, की आवडता धबधब्याचा फोटो पुन्हा उघडा आणि त्याच्या माथ्यापासून खाली येत तीच जागा शोधा.